कबड्डीचं मैदान, पोलिओचा वॉर्ड आणि माझा व्यवसाय

स्मरणिका समितीचा फोन आला. "तू शाळेची खेळाडू, आता खेळाडूंवर उपचार करतेस. तुझ्या क्षेत्राचा इतिहास लिहून दे, दोन हजार शब्दांत बसव." मी हो म्हटलं. लिहायला बसले तेव्हा कळलं की फिजिओथेरपीचा इतिहास सांगायचा तर मला आधी आपल्या मैदानाबद्दल लिहावं लागेल, आणि मैदानाच्या कडेला बसणाऱ्या एका मुलाबद्दल. त्याचं नाव इथे लिहीत नाही. १९९६च्या दहावीच्या तुकडीला ते सांगायची गरजही नाही. हा मजकूर मी त्याला वाचून दाखवला आहे. त्याने दोन वाक्यं खोडायला लावली, बाकी राहू दिलं.

आधी कामोठे. आज इथे नव्याने येणाऱ्याला सेक्टर, रिक्षास्टँड आणि मानसरोवर स्टेशनची गर्दी दिसते. आपल्या लहानपणी गावठाण होतं, भोवती सिडकोने घेतलेली पण मोकळीच पडलेली भातखाचरं होती आणि त्यापलीकडे खाजण आणि खाडी. सिडको १९७० साली स्थापन झाली. आमच्या आज्या-आजोबांच्या जमिनी गेल्या, पण त्यांवर इमारती उभ्या राहायला पुढची पंचवीस-तीस वर्षं लागली. त्या मधल्या काळात आम्हा आगरी पोरांना भरपूर मोकळी जागा होती आणि तिचा एकच उपयोग आम्हाला ठाऊक होता. ढेकळं फोडायची, माती चाळायची, पाणी मारून चोपायची, चुन्याने रेषा आखायच्या. झालं कबड्डीचं मैदान. रायगड जिल्ह्यात कबड्डी शिकावी लागत नाही, असं आपले पीटीचे सर म्हणायचे. हा खेळ जुन्या हुतुतूमधून आला, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१८च्या सुमारास त्याला नियमांत बसवलं, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जगाला दाखवला, हे सगळं सरांनी आपल्याला पावसाळ्यात वर्गात बसवून सांगितलं होतं. बुवा साळवींचं नावही मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं.

मुलींच्या संघात मी चढाई करायचे. आणि तो, पोलिओमुळे दोन्ही पाय गेलेला, कुबड्या बाजूला ठेवून लिंबाच्या झाडाखाली बसायचा. खेळाच्या तासाला आपण त्याला घड्याळं, चपला आणि गुणांची वही सांभाळायला देत होतो. तो नुसते गुण लिहीत नसे. कोणत्या खेळाडूने कुठल्या बाजूने चढाई केली, कोण किती वेळा कोपऱ्यातून फसली, याच्या त्याने आपल्या आपण रकाने पाडले होते. मध्यंतराला मी पाणी प्यायला गेले की तो हळूच सांगायचा, "त्यांची डावा कोपरा आता दमलीय, तिकडून जा." तालुक्याची ढाल आपण जिंकली त्यात त्याच्या वहीचा वाटा होता. ढालीसोबत काढलेला फोटो आपल्या प्रत्येकाच्या घरी असेल. काढून बघा. त्यात तो नाही. त्याला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण बोलावलंही नव्हतं. फोटो पायऱ्यांवर काढला होता.

नोव्हेंबर १९९५मध्ये अलिबागला जिल्हा स्पर्धा झाली. मध्यंतरानंतर बोनस घेऊन मी मागे वळत होते, उजवा पाय मातीत रुतला आणि त्याच क्षणी कमरेला दोघींची साखळी पडली. शरीर वळलं, पाय वळला नाही. गुडघ्याच्या आत ‘टक्’ असं काहीतरी झालं. रात्रीपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. आजी आधीपासूनच म्हणत होती, "पाय मोरून बसशील गो!" गावातल्या एका जाणत्याने तेल लावून, जोर देऊन गुडघा ‘बसवला’. आज मला ठाऊक आहे की काही तासांत इतकी सूज चढते तेव्हा सांध्यात बहुधा रक्त साचलेलं असतं, आणि अशा गुडघ्याला त्या दिवशी चोळणं ही सगळ्यांत वाईट गोष्ट. त्याची चूक नव्हती, त्याला तेवढंच ठाऊक होतं. डॉक्टरांनी क्ष-किरण काढला, हाड मोडलेलं नाही म्हणाले. ते खरंच होतं. गुडघ्याला आतून धरून ठेवणारा बंध, ज्याला आम्ही एसीएल म्हणतो, तो तुटला तर क्ष-किरणात सहसा दिसत नाही. पुढे दोन वर्षं जिना उतरताना माझा गुडघा मधूनच निसटायचा आणि मला वाटायचं की मीच घाबरट झाले आहे.

तो हिवाळा मी नंतर अनेकदा आठवून पाहिला. ९ डिसेंबर १९९५ला देशभर पल्स पोलिओची पहिली फेरी झाली. आपल्या शाळेत बूथ होता आणि दहावीच्या मुलांना बाळांची नावं लिहायचं काम होतं. मी लंगडत टेबलाशी उभी होते. तो म्हणाला, "मला दारात बसवा. बोर्ड लावायची गरज नाही." सगळे हसलो. सरही हसले. पुढच्याच महिन्यांत, आपण सराव परीक्षेचे पेपर सोडवत होतो तेव्हा, अपंगांना समान संधी देणारा देशातला पहिला मोठा कायदा आला. १९९५चा कायदा, ७ फेब्रुवारी १९९६पासून लागू. आपल्याला त्यातलं काही कळलं नाही. नागरिकशास्त्राच्या पेपरातही ते नव्हतं.

बारावीनंतर, १९९८ साली, मला मुंबईत फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. त्याच वर्षी लोकल पनवेलपर्यंत आली, म्हणून घरच्यांनी पाठवलं. मी गेले ती गुडघ्याचं काय झालं हे शोधायला. मला वाटत होतं की ही खेळाडूंसाठी निघालेली विद्या असणार. तेव्हा टीव्हीवर फिजिओ म्हणजे अली इराणी. क्रिकेटपटूला चेंडू लागला की बॅग घेऊन मैदानावर धावत जाणारा माणूस. पहिल्याच सत्रात आमच्या बाईंनी तो समज काढून टाकला. त्या म्हणाल्या, तुमचा व्यवसाय मैदानातून आलेला नाही, पोलिओच्या वॉर्डातून आणि लष्करी इस्पितळातून आलेला आहे.

तो इतिहास थोडक्यात असा. फातिमा इस्माईल या मुंबईतल्या समाजकार्यकर्त्या. त्यांच्या मुलीला पोलिओ झाला. उपचार शोधत त्या देशभर हिंडल्या आणि त्यांना कळलं की अशा मुलांसाठी धड सोय कुठेच नाही. १९४७ साली त्यांनी अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. त्यातूनच पुढे हाजीअलीला लहान मुलांचं अस्थिरोग रुग्णालय उभं राहिलं. त्याच परिसरात १९५५ साली केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली. हाजीअलीच्या दर्ग्याकडे जाताना आपण सगळ्यांनी ती इमारत बसमधून पाहिलेली आहे. दरम्यान मुंबईत पोलिओची साथ येऊन गेली होती आणि स्नायूंचे व्यायाम करून घेणारी प्रशिक्षित माणसंच नव्हती. म्हणून १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना, भारत सरकार आणि मुंबई महानगरपालिका यांनी मिळून परळच्या केईएम रुग्णालयात देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा काढली. म्हणजे माझ्या हातात जी विद्या आहे, ती ज्या मुलांसाठी या देशात आली त्यांतलाच एक आपल्या लिंबाखाली बसलेला होता. आणि मी ती माझ्या गुडघ्यासाठी शिकत होते. वर्गात ऐकताना हे माझ्या डोक्यात आलं नाही. फार उशिरा आलं.

दुसरी वाट सैन्याची. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४चं, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी निघालेलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात लुडविग गुटमन हे जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर मणक्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करत होते. त्याआधी असे रुग्ण पाठीच्या जखमा आणि मूत्रपिंडाचा संसर्ग यांनी काही महिन्यांत जायचे. गुटमननी त्यांना खाटेवरून उठवून खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ला, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी १६ रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. आजच्या पॅरालिम्पिकचं मूळ ते.

आणि तिथे पोचलेला आपला माणूस म्हणजे मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे, सैन्यात ईएमईमध्ये जवान आणि उत्तम मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मुंबईत नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं, आणि हा मुष्टियोद्धा जलतरणपटू झाला. ऑगस्ट १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. भारतीय खेळाडूने पॅरालिम्पिकमध्ये जिंकलेलं ते पहिलं सुवर्ण. त्याच महिन्याच्या शेवटी म्युनिकचं ऑलिम्पिक सुरू झालं. तिथे भारताच्या हॉकी संघाने कांस्य मिळवलं आणि त्या संघात गोव्यात जन्मलेले डॉ. वेस पेस होते. पुढे त्यांनी क्रीडावैद्यक हेच आपलं काम मानलं. खेळाडू आणि उपचार करणारा एकाच माणसात, याचं मला ठाऊक असलेलं ते मोठं उदाहरण. त्या वर्षाचं हॉकीचं कांस्य आपल्याला सामान्यज्ञानाच्या पुस्तकात होतं. पेटकरांचं सुवर्ण नव्हतं. त्यांना पद्मश्री २०१८ साली मिळाली, म्हणजे ४६ वर्षांनी. मध्यंतरी त्यांच्यावर चित्रपट आला तेव्हा माझ्या मुलाने विचारलं, "आई, हे खरं आहे का?"

पेटकरांच्या गोष्टीत मला सगळ्यांत महत्त्वाचं काय वाटतं, तर पोहणं हा आधी उपचार होता. कुणीतरी रोज त्यांचे खांदे, छाती, पाठ तपासून किती पोहायचं ते ठरवलं असणार. मैदान आणि वॉर्ड यांच्यामध्ये तेव्हा भिंत नव्हती. ती नंतर आपण घातली. एका बाजूला खेळाडूंचे झगमगीत दवाखाने, दुसऱ्या बाजूला ‘पुनर्वसन’ नावाचा सरकारी व्हरांडा.

मी स्वतः त्या झगमगीत बाजूला जायला निघाले होते, हे कबूल करते. २००९ साली कामोठ्यात एका सोसायटीच्या तळमजल्यावर गाळा भाड्याने घेतला. दारावर खेळाडूच्या गुडघ्याचं मोठं चित्र. पहिल्या वर्षी आले कोण? कळंबोलीच्या लोखंड बाजारातले पाठ धरलेले माथाडी कामगार, चार घरची धुणीभांडी करून गुडघे झिजलेल्या बायका, सायन-पनवेल महामार्गावरच्या अपघातांतून वाचलेली तरुण मुलं. कबड्डीवाले रविवारी यायचे, पैसे पुढच्या स्पर्धेनंतर द्यायचे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि चित्र पालटलं. गावोगावची पोरं मॅटवर बूट घालून खेळू लागली. मातीत पाय थोडा सरकतो. मॅटवर बूट घट्ट धरतो आणि वळण्याचा सगळा ताण गुडघ्यावर जातो. माझ्यासारखे ‘टक्’ आवाज ऐकलेले गुडघे मी डझनांनी तपासले. मुलींना हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, आणि त्यांच्याबाबतीत आजही घरची पहिली प्रतिक्रिया ‘बरं झालं, आता खेळ सुटेल’ अशी असते. या विषयावर मी पानंच्या पानं लिहू शकते, पण समितीची मर्यादा आहे.

त्या गाळ्याला तीन पायऱ्या होत्या. मला त्या दिसल्याच नाहीत, कारण माझा गुडघा तोवर सुधारला होता. महामार्गावरच्या अपघातात कमरेखाली लुळा झालेला एक मुलगा आला तेव्हा त्याच्या वडिलांनी आणि रिक्षावाल्याने त्याला खुर्चीसकट उचलून आत आणलं. तो वर बघायला तयार नव्हता. उतार बांधायचं ठरवलं. चाकाच्या खुर्चीला स्वतःच्या हातांनी चढता येईल असा उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. माझ्या दीड फुटी चौथऱ्याला अठरा फूट. सोसायटीने दोन दुचाकींची जागा जाते म्हणून नकार दिला, आणि मीही फार भांडले नाही. फळ्या टाकून चालवलं. फळी एकदा सरकलीही. २०१६ साली नवा कायदा आला, अपंगत्वाचे ७ऐवजी २१ प्रकार धरले गेले, सार्वजनिक जागा सुगम असाव्यात असं त्यात लिहिलं गेलं. त्या वर्षी मी पायऱ्या नसलेला गाळा शोधला. भाडं दीडपट होतं.

त्या नव्या गाळ्यात २०१९ साली तो आला. चोवीस वर्षांनी. मधल्या काळात बँकेत लागला होता, लग्न झालं, दोन मुली. कुबड्यांवरून लोकल पकडून रोज नोकरी केली होती. आता खांदा दुखत होता, हातातली ताकद जात होती, दुपारनंतर थकवा इतका की टेबलावर डोकं टेकायचा. मला आनंद झाला होता आणि मला त्याला काहीतरी करून दाखवायचं होतं. मी खेळाडूला देते तसा कार्यक्रम दिला. रबरी पट्ट्या, दमेपर्यंत तीन फेऱ्या, दुखलं तरी थांबायचं नाही. तीन आठवड्यांनी त्याला रिक्षात चढताना कुबडी पेलवेना. हसत म्हणाला, "तुझी कबड्डी माझ्या खांद्यात नको खेळूस."

पोलिओ स्नायूंना हलवणाऱ्या मज्जापेशी मारतो. ज्या वाचतात त्या नव्या फांद्या फोडून मेलेल्या पेशींचंही काम उचलतात. सातातल्या चार बाद झाल्यावर उरलेल्या तिघींनी सगळं मैदान सांभाळावं तसं. सामना निभावतो. पण तीस-चाळीस वर्षं त्या तिघीच धावत राहिल्या की त्याही कोसळू लागतात. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. अशा स्नायूला दमवायचं नसतं, हे पुस्तकात होतं आणि मी ते कधीतरी वाचून परीक्षेत लिहिलंही होतं. पण भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये सापडला, २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला आणि आमच्या व्यवसायाने ते प्रकरण मिटवून टाकलं. ज्यांना तो होऊन गेला ती लाखो माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, आणि नव्या विद्यार्थ्यांनी पोलिओचा पाय पाहिलेलाच नसतो.

मी त्याची माफी मागितली. त्याने पिशवीतून वही काढली. रकाने पाडलेले: किती वेळ चालला, किती जिने, खांदा दहापैकी किती दुखला, झोप. तीन आठवडे तो लिहीत होता आणि मी विचारायची वाट बघत होता. त्या वहीत स्वच्छ दिसत होतं की जड दिवसानंतर दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी तो कोसळतो. त्यावरून आम्ही सगळं नव्याने आखलं. व्यायाम थोडे, मध्ये विश्रांती, जुन्या लोखंडी कॅलिपरऐवजी हलकं, लांबच्या अंतराला चाकाची खुर्ची. खुर्चीला तो सहा महिने नाही म्हणत होता. ज्याने पायांचं काम आयुष्यभर खांद्यांकडून करून घेतलं त्याचा खांदा गोलंदाजाच्या खांद्यासारखाच झिजतो. गोलंदाजाने किती षटकं टाकायची ते आपण मोजतो, त्याची कुणी मोजली नव्हती. ती वही मी आता कबड्डीच्या मुलांनाही भरायला लावते. त्यांचे गुडघे त्यामुळे वाचतात की नाही ते सांगायला अजून काही वर्षं लागतील, पण मुलं खोटे आकडे लिहायला शिकली आहेत एवढं नक्की. त्याला ते दाखवलं तर म्हणाला, "मीसुद्धा तुमच्या बाजूने एक-दोन गुण जास्त लिहायचो."

ज्या दोन वाक्यांवर त्याने काट मारली ती त्याच्या त्रासाची होती. "एवढं नको, लोक जेवायला येणारेत," म्हणाला.

आपलं स्नेहसंमेलन आधी शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात ठरलं होतं. तिथे लिफ्ट नाही. मी समितीला कळवलं, आणि सांगायला आनंद होतो की कुणी एका शब्दानेही खळखळ न करता कार्यक्रम खाली मैदानावर मंडपात आणला. मंडपवाल्याला सांगून माती चोपून घ्यायची आहे, नाहीतर खुर्चीची चाकं रुततात. ते काम माझ्याकडे आहे. १९९५च्या संघातल्या ज्या येणार असतील त्यांनी एक तास आधी या. ढालीचा फोटो पुन्हा काढायचा आहे, पायऱ्यांवर नाही, लिंबाखाली.